आइसलँडचे तेरा नाताळपुत्र

आइसलँडच्या लोककथांतील ग्रीला या राक्षसिणीचे तेरा पुत्र, ज्यांना तेथे ‘योलास्वेनार’ म्हणजे नाताळचे पोरगे म्हणतात, १२ डिसेंबरपासून रोज एक याप्रमाणे डोंगरातून उतरतात आणि खिडकीत ठेवलेल्या बुटांत गुणी मुलांसाठी भेट, तर हट्टी मुलांसाठी बटाटा ठेवतात, अशी समजूत आहे. त्यांची नावे योहानेस उर कोत्लुम या कवीच्या १९३२ मधील कवितेने रूढ केली. लाकडातून वा लोकरीतून हातांनी घडवलेल्या त्यांच्या छोट्या मूर्तींत खरे कौशल्य चेहऱ्यापेक्षा खुणेच्या वस्तूत दिसते, कारण चमचा, पातेले किंवा स्कीर या घट्ट दह्यासारख्या पदार्थाचे भांडे पाहूनच संग्राहकाला पुत्र ओळखता येतो. मेणबत्त्यांचा लोभी केर्तास्नीकिर सर्वांत शेवटी, २४ डिसेंबरला येतो.