जुनी ‘जनता’ विकत घेताना

१९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांतलं चावीचं ‘जनता’ आज कित्येकजण हौसेने शोधतात.

असं घड्याळ हातात आलं की आधी तबकडी पाहा, तीही भिंगातून. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते. अक्षरं जाडसर, ओळ तिरकी, रंग नको इतका चकचकीत दिसला, तर तबकडी पुन्हा रंगवलेली आहे असं समजा. मुंबईत असं नवं रूप दिलेली घड्याळं पुष्कळ विकली जातात. ती वापरायला वाईट नाहीत, पण मूळ म्हणून त्यांचा भाव देऊ नका. थोडी पिवळसर पडलेली अस्सल तबकडी मला तरी केव्हाही जास्त मोलाची वाटते.

मग चावी द्या. ती खरखरता कामा नये. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आत गंज दिसला तर सरळ नाही म्हणा. तांबूस डाग म्हणजे पाणी शिरल्याची खूण. पूर्ण चावीवर घड्याळ दिवसभराहून जास्त चाललं पाहिजे.

किंमत ठरवताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा धरू नका. तशीच घड्याळं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. शेवटची सफाई आणि तेलपाणी कधी झालं ते विचारा, आणि नक्की उत्तर मिळालं नाही तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.