किल्ली एकाच्याच कमरेला

(खराडीत बांधकामावर आलेल्या आपल्या लोकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे.)



दिवसभर स्लॅब टाकून तुम्ही बसलात, म्हणून लांबण लावत नाही. आधी माझी चूक सांगतो. आपल्या पाड्यातल्या अकरा घरांचे वनहक्काचे दावे उपविभागीय समितीने नामंजूर केले. त्यावर 60 दिवसांत वर अपील करता येतं. पत्र गावात आलं तेव्हा मी इथंच, खराडीत, सेंट्रिंगच्या कामाला होतो. सगळे कागद माझ्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. अपील म्हणजे काय ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं. होळीला गेलो तेव्हा मुदत उलटून गेली होती. लोक मला पुढारी म्हणायचे. मला ते आवडायचं, खरं सांगतो.

आता साहेबाला शिव्या देऊन काय होणार? कायदा 2006 चा, नियम 2008 चे. त्यात लिहिलंय की वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं पाहिजेत आणि एक तृतीयांश बाया. आपल्या समितीत तेवढी नावं आहेत. पण सह्या-अंगठे घेतले, आणि बाकी सगळं मीच केलं. समिती कागदावर पंधराची, चालवणारा एकच.

शहाद्याचं आठवा. आपले जुने लोक अजून सांगतात. 1971 ला पाटीलवाडीला गोळीबार झाला, 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराज मोठा माणूस. पण ते 1974 मध्ये गेले, तरुण वयातच. संघटना तिथंच बसली का? नाही बसली. गावोगाव तरुण मंडळं होती, बायांची शिबिरं होत होती. दारूची मडकी फोडायला बाया स्वतःच निघाल्या, एका गावाच्या दुसऱ्या गावात गेल्या. पुण्या-मुंबईचे शिकलेले कार्यकर्ते होते, त्यांनी खूप केलं, ते नाकारत नाही. पण आपलं दुःख आपल्यालाच समजावून सांगणारा दुसराच असेल तर काय होतं, ते वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' कवितेत आहे. ज्यांनी ऐकली नाही त्यांनी ऐका. मला ती आपल्या आतल्या पुढाऱ्यालाही लागू वाटते. मीही स्टेजवरच चढून बसलो होतो ना.

म्हणून आता हे ठरवू. कागदांच्या दोन झेरॉक्स, दोन वेगळ्या घरांत, त्यातलं एक घर बाईचं. पत्र आलं की त्याच दिवशी पाड्यात मोठ्याने वाचायचं. सातवी झालेली पोरगीही वाचू शकते, त्याला बारावी लागत नाही. जमिनीची हद्द कुठल्या नाल्यापासून कुठल्या मोहापर्यंत, हे मला काय माहीत? ते म्हाताऱ्यांना माहीत. त्यांचा जबाब लिहून घेतला तर कायद्यात तो पुरावा आहे. त्यांना अंगठ्यापुरतं बोलवायचं नाही, मोजणीला सगळ्यात पुढे चालवायचं. कुणी चुकेल. चुकू द्या, मी चुकलो तसं.

एक अडचण मोठी आहे. ग्रामसभेला निदान निम्मी माणसं हजर पाहिजेत. पाड्यात 90 मोठी माणसं असतील तर 45. दिवाळीनंतर निम्मा पाडा इथं पत्र्याच्या खोल्यांत असतो, मग गावातला एक जरी चुकला तर ठराव होणार कसा? ही खराडी 1997 ला महापालिकेत आली, त्याआधी इथं शेती होती. ज्यांची होती त्यांच्याजवळ सातबारा तरी होता. आपल्याजवळ तोही नाही, ठरावच आहे. म्हणून ग्रामसभा होळीच्या आदल्या दिवशी घेऊ. सगळे एकाच वेळी निघू. मुकादम म्हणेल उचल फिटली नाही. त्याच्याशी बोलायला मी एकटा जाणार नाही. प्रत्येक खोलीतून एक जण, त्यात दोन बाया तरी.

आणि आजच्या बैठकीची वही मी लिहिणार नाही. कोण लिहितंय? मावशी, तुमची सून शिकलीय ना? तिला बोलवा पुढे. पेन घे, बाई.