तळाची वाळू डोळ्यांनी पाहताना



श्रावणात लकडी पुलावर उभे राहून मुठेचा लोंढा आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्या पाण्याखाली वाळू नि गोटे सरकत असतात. दिसत मात्र काहीच नाही.

मग आम्ही प्रवाहाचे अभ्यासक करतो काय? तळाशी जाळीची पेटी ठेवतो, काही वेळाने वर काढतो आणि तीत जमलेली वाळू तोलतो. भागाकार केला की सरासरी हाती येते. धरणात गाळ किती येईल, या अंदाजात असल्या सरासऱ्या वापराव्याच लागतात. पण पर्जन्यमापकातले पाणी पाहून पाऊस दिवसभर रिमझिमला की अर्ध्या तासात कोसळला, हे सांगता येते का? पेटीचेही तसेच.

१९३७ साली हान्स अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी (हे त्या थोर आइन्स्टाइनांचे चिरंजीव, यांनी आयुष्य गाळात घातले!) झुरिच येथील आपल्या प्रबंधात असे मांडले, की गोटा सतत चालत नाही. क्षणभर चालतो, मग बराच वेळ बसतो. केव्हा उठेल, ते संभवनीयतेच्या गणितानेच सांगावे.

हे प्रत्यक्ष पाहायला नितळ पाणी हवे. अमेरिकेत वायोमिंग राज्यात डक क्रीक नावाचा ओढा आहे. तेथे ड्रेक, लिओपोल्ड प्रभृती पाच जणांनी तळाच्या बारीक खडीचे चलच्चित्र घेतले. निष्कर्ष १९८८ साली छापले. एकेक चित्र थांबवायचे आणि माग काढायचा : हा खडा हलला, हा तिथेच राहिला. मोठे कंटाळवाणे काम! पण दिसले ते असे : बराच वेळ तळ जवळजवळ स्वस्थ असतो. मग कुठेतरी हातभर जागेत खडे एकदम घरंगळू लागतात, आणि सेकंद-दोन सेकंदांत पुन्हा सारे शांत. खडीचा बहुतेक प्रवास या झटक्यांतच उरकतो.

आता काचेच्या भिंतींच्या कालव्यात लेसरचा पातळ प्रकाशपडदा सोडतात. पाण्यात मिसळलेले सूक्ष्म कण त्यात चमकतात. लागोपाठची दोन छायाचित्रे ताडून पाहिली, की जागोजागीचा वेग कळतो. म्हणजे पाण्याचा झोत आणि त्याने हलविलेला खडा, दोन्ही एकत्र सापडतात.

अडचण एकच आहे, आणि ती मोठी आहे. नदी आपले खरे काम पुराच्या मोजक्या दिवसांत करते, आणि नेमके तेव्हाच पाणी गढूळ! कॅमेरा तेथे आंधळा. त्या दिवसांत आम्ही पुन्हा पेटीच सोडतो, नाही तर पाण्यात ध्वनिग्राहक बुडवून गोट्यावर गोटा आदळल्याचा आवाज ऐकत बसतो.