माळाला पडीक म्हणू नका
(मोरगाव येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



दरसाल पावसाळ्यात शाळेची पोरं रांगेनं माळावर नेतात. खड्डा, रोप, फोटो. याला म्हणायचं पर्यावरणाचं शिक्षण! २०१९ साली तर राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. झाडाशी आपलं वैर नाही. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा. पण माळावरचं गवत हेच तिथलं रान आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलं म्हणून जमीन खराब होत नाही.

इथून जवळ सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. तिथला चिंकारा उघड्या गवतात जगतो; लांडगा लांबून दिसला तरच पळून वाचतो. पखुर्डी, टिटवी, चंडोल भुईवरच अंडी घालतात. तिथं खड्डे खणले तर त्यांनी जायचं कुठं?

२०२३ साली वनखात्यानं शिर्सुफळला आणि इंदापुरात कडबनवाडीला माळरानाची सफारी सुरू केली. गावचीच पोरं वाटाडे आहेत, हे चांगलं झालं. पण शहरातली मुलं पैसे भरून जो माळ बघतात, तो आमच्या पोरांना शाळेच्या वाटेवर लागतो, आणि कुणी थांबून दाखवत नाही.

मी शेतकीचा पदवीधर. कॉलेजात गवत शिकवलं ते बहुतेक तण म्हणून. कुसळी कुसळं धरायच्या आत मेंढरं कुठं चारायची, हे धनगराला विचारावं लागतं. पोरांचा पहिला मास्तर तोच करा.

दोन डबे घ्या, दोन्हीकडची बुडं कापा. एक गवतात बोटभर रोवा, दुसरा उघड्या कडक जागेत. दोन्हीत तांब्या-तांब्या पाणी ओता. कुठलं आधी जिरतं ते पोरांना मोजू द्या. विहिरीचं पाणी कुठून येतं, ते फळ्यावर काढून दाखवायची गरज उरत नाही.

मग ज्वारीत शिरा. पोंग्यात मावा, पानावर चिकटा, आणि तिथंच मावा खाणारा ढालकिडा. कपाशीवाल्यांनी क्रायसोपाची अळी शोधायला लावा. ही ओळख असलेलं पोर उद्या दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध उचलणार नाही.

आणि एक गोष्ट लपवू नका. हरणानं कोंब खाल्ले तर तोटा शेतकऱ्याचा होतो. पंचनामा कसा होतो, भरपाई कधी हाती पडते, तेही पोरांना दाखवा. जंगल राखायचं सगळ्यांसाठी आणि भुर्दंड एकट्या कोरडवाहूवाल्याला, हा हिशेब त्यांच्या वहीत उतरलाच पाहिजे.

दिवाळीनंतर ज्वारी उभी असते, ऊनही सोसवतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघा. मास्तरांशी बोलून ठेवा, एका धनगराला सोबत घ्या. पोरांकडे भाकरी, पाणी, वही द्या. रोपं आणू नका.