पाना कुणाच्या हातात?

(पालघर येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत या सत्राचं नाव 'जुन्या गाडीची हत्यारं' असं दिलंय. काल कायद्याचं सत्र झालं, आज सकाळी रेशनचं. त्यात हे जॅक आणि पान्याचं कुठून आलं, असं काहीजणींना वाटलं असणार. एक-दोघींनी मला विचारलंही, "ताई, हे ड्रायव्हर लोकांचं काम. आपल्याला कशाला?" त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला मी उभी आहे.

आपलं काम कसं चालतं ते आधी बघू. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगार बायांची बैठक पाळी सुटल्यावरच होते. पाड्यावरची बैठक बाया शेतावरून येऊन, चूल आटोपून मोकळ्या झाल्या की होते. म्हणजे आपली बैठक संपते तेव्हा रात्र झालेली असते. रेल्वे किनाऱ्याच्या बाजूनं जाते आणि पाडे आहेत पूर्वेला. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, कोळगावला मोठं मुख्यालय उभं राहिलं, पण मुख्यालयापासून पाड्यापर्यंतचं अंतर काही कमी झालं नाही. १९४५ साली गोदूताई परुळेकर डहाणू-तलासरीकडचे पाडे पायी फिरल्या. आपण त्यांचं नाव घेतो, पण रात्री मारहाण झालेल्या बाईला घेऊन आपल्याला पायी येता येत नाही. गाडी लागतेच.

आणि गाडी कुठली? नव्या गाडीला आपल्याकडे पैसे नाहीत. जी देणगीत मिळते ती जुनी. आपल्याकडे एक जुनी जीप आहे आणि एका मैत्रिणीच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आपण अधूनमधून वापरतो. पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून जास्त झाली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. 'विंटेज' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज. तिला वेगळ्या मालिकेतला नंबर मिळतो आणि ती रोजच्या कामाला वापरायची नसते. अशा गाड्या श्रीमंत लोक हौसेनं सांभाळतात. आपल्या गाड्या विंटेज नाहीत, नुसत्याच जुन्या आहेत आणि रोज कामाला जुंपलेल्या आहेत. पण चाक बदलायची वेळ आली की हौशी माणसाच्या जुन्या गाडीला जे लागतं तेच आपल्या गाडीला लागतं.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. मनोरकडून पालघरला येत होतो. वाघोबा खिंडीत रात्री साडेनऊच्या सुमारास जीपचं मागचं डावं चाक बसलं. गाडीत आम्ही चौघी. त्यातली एक नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई, मांडीवर दोन वर्षांचं पोर. आपली गाडी चालवणारी ताई खाली उतरली, चाकांना दगड लावले, पाना काढला. तेवढ्यात एक ट्रक थांबला, मागोमाग दोन मोटारसायकली. माणसं चांगली होती, मदतीलाच थांबली होती. त्यांनी काय केलं, तर ताईच्या हातातून पाना घेतला आणि नट डावीकडे फिरवायला लागले. नट हलेना. ताई म्हणाली, "दादा, या बाजूला उलटे आटे आहेत." कुणी लक्ष दिलं नाही. ती तीनदा म्हणाली. मग एकजण पान्यावर उभाच राहिला, दुसऱ्यानं त्याला वरून जोर दिला, आणि काडकन स्टड तुटला. तेव्हा कुठे पाना ताईच्या हातात परत आला. तिनं त्यावर पाइप चढवला आणि उरलेले चार नट उजवीकडे फिरवून एकटीनं सोडवले. जाताना त्यातला वयानं मोठा माणूस म्हणाला, "बाईमाणसानं रात्रीचं असं फिरू नये. एखादा गडी बरोबर ठेवत जा."

तिथे पाचजणांची ताकद होती, पण माहिती एकटीकडे होती. नुकसान ताकदीनं केलं आणि सल्ला मात्र आपल्याला मिळाला. त्या सल्ल्यात सगळं आलं. एका चाकाची हवा गेली की आपला फिरण्याचा हक्कच प्रश्नात येतो. पुढच्या वेळी बैठकीला निघताना घरातले म्हणतात, "मागच्या खेपेला अडकला होतात ना?" म्हणून मी म्हणते, हत्यारांची पिशवी हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

हे उलटे आटे म्हणजे काय? जुन्या जीपपैकी कित्येकींच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून केलेली ती सोय. तिथे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. बऱ्याचदा स्टडच्या तोंडावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं असतं, पण गंजात ते दिसत नाही. म्हणून मडगार्डच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं बाण काढून ठेवा. तारांची चाकं असलेल्या जुन्या स्पोर्ट गाड्यांत मधोमध एकच मोठा नट असतो आणि तो सोडवायला तांब्याचा किंवा शिशाचा मऊ हातोडा लागतो. सांगायचा मुद्दा हा की जुन्या गाडीला 'कुठलाही पाना' चालत नाही. तिचा पाना तिच्याच मापाचा लागतो. शेजारच्या नव्या गाडीचा पाना उसना घेतला तर तो नटावर बसेलच असं नाही, आणि सैल बसला तर नटाचे कोपरे झिजतात. मग तो नट कुणाच्याच बापाला सुटत नाही.

आता ताकदीचं. बाईच्या हातात जोर नसतो म्हणतात. आपल्यातल्या किती जणींनी पहारीनं दगड उलथलाय? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. पहार लांब असते म्हणून दगड हलतो. पाण्याच्या लांबीचंही तसंच. दांडा दुप्पट लांब केला की निम्म्या जोरात काम होतं. गाडीबरोबर मिळालेला पाना आखूड असतो. त्यावर चढेल असा दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाइप भंगारवाल्याकडे मिळतो. बोईसरला भंगाराला तोटा नाही. फक्त हा पाइप सोडवताना वापरायचा, आवळताना नाही. आवळताना वापरला तर स्टड ताणला जातो.

जॅकचंही थोडं समजून घेऊ. पुष्कळ जुन्या गाड्यांत जॅक अडकवायची खोबण दाराखालच्या पत्र्यात असते. तो पत्रा आतून गंजला असेल तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच आत घुसतो. म्हणून बाटलीच्या आकाराचा तेलाचा जॅक घ्यावा आणि तो एक्सलखाली लावावा. घेताना दोन मापं घ्या. चाक बसल्यावर गाडी किती खाली येते, तेवढ्या जागेत जॅक शिरला पाहिजे, आणि भरलेली स्टेपनी चढेल इतकी गाडी वर गेली पाहिजे. जॅकखाली एक फूट लांब-रुंद, दोन इंच जाड फळी हवीच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्याची कड म्हणजे नुसता लगदा. फळी नसेल तर गाडी जागेवर राहते आणि जॅक जमिनीत जातो.

आणि चाकांना लावायच्या लाकडी पाचरी. याकडे पुरुष मंडळीसुद्धा दुर्लक्ष करतात. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर लागतो. त्यामुळे मागचं एक चाक उचललं की ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी उतारावर सरकू शकते. गिअरमध्ये ठेवूनही तीच गत. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरी मारल्या तरच गाडी थांबते. अशा गाडीखाली हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

क्रम लक्षात ठेवा. गाडी शक्यतो सपाट, कडक जागी. सगळ्या खाली उतरून रस्त्यापासून लांब. मागे पन्नास-साठ पावलांवर लाल त्रिकोण. मग पाचरी. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करायचे, कारण उचललेलं चाक फिरतं आणि जोर लावला तर गाडी जॅकवरून पडते. नंतर जॅक. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवायचं, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी त्यावर टेकते. नवीन चाक चढवून नट हातानं लावायचे, समोरासमोरचे जोडीनं. गाडी खाली घेऊन मग पक्के आवळायचे. मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा एकदा बघायचे.

एक धोका मुद्दाम सांगते. लष्करातून आलेल्या काही जीपची रिम दोन भागांची असते आणि ते भाग नटांनी जोडलेले असतात. चाक काढताना आतल्या गोलातले नट सोडवायचे. बाहेरच्या गोलातल्या नटांना ट्यूबमध्ये हवा असताना हातसुद्धा लावायचा नाही. रिम उडून माणूस मरतो.

स्टेपनीचीही आठवण ठेवा. हल्ली काही नव्या गाड्यांना स्टेपनी नसते. २०२० च्या नियमानं ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचा संच असेल तर ती सूट दिली आहे. तो संच आपल्या ट्यूबच्या टायरला उपयोगाचा नाही. पद्मिनीचा ५.२० बाय १४ चा टायर आता कुठल्याही दुकानात टांगलेला मिळत नाही. जीपचा ६.०० बाय १६ चा मिळतो, पण रात्री दहा वाजता नाही. म्हणून महिन्यातून एकदा स्टेपनीची हवा तपासायची. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडेही वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसली तरी जुनं रबर तडकलेलं असतं.

पंक्चरवाल्याकडे उभं राहून एक सांगायला शिका. तो हवेच्या गननं नट आवळतो. त्याला म्हणायचं, "दादा, शेवटचा फेरा माझ्या पान्यानं, मी आवळते. मला सोडवता येईल एवढंच आवळायचं." पहिल्यांदा तो हसेल. दुसऱ्यांदा हसणार नाही.

याचा अर्थ सगळं एकटीनंच करायचं असा नाही. महामार्गावर ट्रेलर अंगावरून जात असतील आणि चाक रहदारीच्या बाजूचं असेल, तर गाडी हळूहळू सुरक्षित जागी न्या. टायर जाईल, जीव राहील. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. हे नंबर डॅशबोर्डवर रंगवून ठेवा. मदत घ्यायला कमीपणा नाही. फक्त मदत करणाऱ्याला काय करायचं ते आपण सांगायचं.

बायांना यंत्र कळत नाही हे कुणी ठरवलं? १८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता मोटार घेऊन शंभर किलोमीटरहून लांब गेली. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, आणि तो बाईनं केला. परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे १९८८ साली रिक्षा चालवायला लागल्या. आणि आपल्याकडे? अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालेला हा भाग. शेजारी एवढे कारखाने. तरी पॅकिंगला बाई आणि मशीनवर पुरुष, ही वाटणी अजून कितीतरी ठिकाणी दिसते. मशीनवरच्याचा पगार जास्त, म्हणून मशीन बाईला 'कळत नाही'. पान्याचं राजकारण हेच आहे.

तेव्हा माझ्या तीन सूचना. एक, गाडीतली पिशवी गाडीतच राहील. कुणाच्या भावाला, नवऱ्याला उसनी जाणार नाही. दोन, पिशवीची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या कार्यकर्तीकडे, यादी बघून सही करून. तीन, गाडी चालवणारीनंच नव्हे, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीनं एकदा तरी स्वतः चाक बदललेलं असलं पाहिजे.

जेवणाला अजून पाऊण तास आहे. जीप अंगणात उभी आहे. चार-चारच्या गटानं या, पदर खोचून या. मी एकाही नटाला हात लावणार नाही.

चौकट : पिशवीत काय हवं

– गाडीच्या नटाच्या मापाचा पाना आणि त्यावर चढणारा दोन-अडीच फुटांचा पाइप
– तेलाचा जॅक, त्याची दांडी, जॅकखालची फळी
– चार लाकडी पाचरी
– स्टेपनी (हवा तपासलेली), एक जादा ट्यूब, हवेचा मीटर, पायानं मारायचा पंप
– दोन जादा नट, उलट्या आट्यांचे वेगळ्या पुडीत
– तारेचा ब्रश आणि गंज सोडवायचं तेल
– लाल त्रिकोण, बॅटरी आणि तिचे जादा सेल
– गोणपाट, जाड हातमोजे, पाण्याची बाटली
– खडूचा तुकडा : बदललेल्या चाकावर तारीख लिहायला