सिद्धांताकडून काय मागावे? : पिएर द्युएम यांचा विज्ञानविचार

पिएर द्युएम (१८६१–१९१६) हे फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आयुष्याच्या अखेरपर्यंत अध्यापन करणारे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते आणि उष्णता व कार्य यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र, म्हणजे उष्मागतिकी, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. भौतिक सिद्धांताचे प्रयोजन आणि त्याची रचना यांची चर्चा करणारा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. वैज्ञानिक स्वतःच्या कामाविषयी इतक्या कठोरपणे विचार करू लागला की काय निष्पन्न होते, हे त्या ग्रंथात पाहावयास मिळते. द्युएम यांच्या मते भौतिक सिद्धांत म्हणजे सृष्टीच्या अंतरंगाचे स्पष्टीकरण नव्हे. थोड्या मूलतत्त्वांपासून गणिताने काढलेल्या आणि प्रयोगसिद्ध नियमांचा एक समूह शक्य तितक्या सोपेपणाने, पूर्णपणे व अचूकपणे दर्शविणाऱ्या विधानांची ती एक व्यवस्था आहे.

हे म्हणणे प्रथम ऐकताना विज्ञानाला त्याच्या आसनावरून खाली उतरविल्यासारखे वाटते, परंतु द्युएम यांचा हेतू नेमका उलटा आहे. वस्तूंच्या दृश्य रूपामागे कोणते द्रव्य दडले आहे, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळत नाही, ते सत्ताशास्त्राकडून, म्हणजे अंतिम वास्तवाची मीमांसा करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेकडून, उसने आणावे लागते. आणि ज्या क्षणी भौतिकशास्त्र असे उसने घेते, त्या क्षणी तत्त्वज्ञांचे न मिटणारे वाद त्याच्या घरात शिरतात. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम घेतला, तर दोन माध्यमांच्या सीमेवर आपाती कोनाची ज्या आणि अपवर्ती कोनाची ज्या यांचे गुणोत्तर स्थिर असते, एवढे एक वाक्य असंख्य मोजमापांची जागा घेते. हा नियम न्यूटनच्या कणांनी समजावला, फ्रेनेल यांनी ईथर या कल्पित माध्यमातील लहरींनी समजावला, मॅक्सवेल यांच्यानंतर तो विद्युतचुंबकीय लहरींनी समजावला जाऊ लागला. स्पष्टीकरणे एकामागून एक गेली, नियम मात्र जागचा हलला नाही. आणि विज्ञानाची खरी कमाई शोधायची, तर ती या न हललेल्या भागात शोधावी, असा द्युएम यांचा आग्रह आहे.

मग हा भाग तरी निव्वळ निरीक्षणावर उभा आहे काय? या प्रश्नापाशी द्युएम वाचकाला प्रयोगशाळेत नेतात. टेबलावर विद्युतघट, रेशीम गुंडाळलेली तांब्याची तार, पाऱ्याने भरलेल्या वाट्या आणि वेटोळी मांडलेली आहेत. लोखंडाची एक कांडी हेलकावत आहे आणि तिला जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा पट्टा मोजपट्टीवर पुढेमागे सरकत आहे. निरीक्षक त्या पट्ट्यावर डोळा ठेवून आहे. काय चालले आहे असे विचारले, तर ‘कांडीचे हेलकावे पाहतो आहे’ असे तो म्हणत नाही, वेटोळ्याचा विद्युतरोध मोजत असल्याचे सांगतो. डोळ्यांना दिसलेला पट्टा आणि तोंडून निघालेला ‘रोध’ हा शब्द यांच्यामध्ये विद्युत व चुंबकत्व यांचे अनेक सिद्धांत उभे आहेत, आणि ते न मानणाऱ्याला तो प्रयोग वाचताच येणार नाही. भौतिकशास्त्रातील प्रयोग म्हणजे निरीक्षण आणि त्याचा सिद्धांताधारे लावलेला अर्थ, हे या प्रसंगातून जितके स्वच्छ दिसते, तितके ते लांबलचक विवेचनातूनही क्वचितच दिसते.

यातूनच द्युएम यांचा सर्वांत प्रसिद्ध निष्कर्ष निघतो : प्रयोग एकट्या गृहीतकाची परीक्षा कधीच घेत नाही, परीक्षा होते ती गृहीतकांच्या सबंध समूहाची. घड्याळजी बिघडलेल्या घड्याळाचे भाग सुटे करून एकेक तपासू शकतो, वैद्याला मात्र रोग्याचे शरीर उकलता येत नाही, लक्षणांवरून दोषाचे ठिकाण ताडावे लागते. भौतिकशास्त्रज्ञाची गत वैद्यासारखी आहे. १८५० मध्ये फूको यांनी प्रकाशाचा वेग, कणसिद्धांताच्या अपेक्षेविरुद्ध, हवेपेक्षा पाण्यात कमी असल्याचे दाखविले, तेव्हा प्रकाश कणरूप नसून लहररूप आहे याचा निकाल लागला असे मानले गेले. द्युएम यांनी दाखवून दिले, की खोटा ठरला तो कणसिद्धांताचा सबंध गृहीतकसमूह, त्यातले कोणते गृहीतक चुकले हे प्रयोग सांगत नाही. शिवाय कण आणि लहर यांखेरीज तिसरा पर्याय नाहीच, हे कोणी सिद्ध केले?

ग्रहगणिताच्या इतिहासात या मताची बळकट साक्ष मिळते. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाशी जुळेना, तेव्हा ले व्हेरिए यांनी नियमाला हात न लावता एक अज्ञात ग्रह कल्पिला आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो, म्हणजे नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू अपेक्षेपेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला जास्त सरकत असल्याचे आढळले. ले व्हेरिए यांनी तोच उपाय योजून सूर्याजवळ आणखी वस्तुमान असल्याचे अनुमान केले. असा कोणताही ग्रह मात्र कधीच सापडला नाही आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाचा नियमच बदलून ती तफावत दूर केली. दोन्ही वेळा तर्क तोच होता, मात्र एकदा दोष गृहीत धरलेल्या ग्रहसंख्येत निघाला आणि एकदा मूलतत्त्वात.

अशा वेळी निवड कशाच्या बळावर करायची? केवळ तर्क येथे अपुरा पडतो, म्हणून द्युएम वैज्ञानिकाच्या तारतम्याकडे वळतात : कोणते तत्त्व राखावे आणि कोणते सोडावे हे तारतम्याने ठरते, आणि ते शाबूत राहण्यासाठी स्वतःच्या मतांचा मोह व प्रतिस्पर्ध्याविषयीची अढी दूर ठेवावी लागते. वस्तुनिष्ठतेचा संबंध वैज्ञानिकाच्या नैतिक घडणीशी जोडणारा हा विचार त्या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग म्हटला पाहिजे.

सिद्धांत म्हणजे केवळ सोयीची मांडणी, एवढ्यावर द्युएम थांबले असते, तर त्यांचे मत कोरडे ठरले असते. सिद्धांत परिपक्व होतो तसे त्याचे वर्गीकरण कृत्रिम न राहता नैसर्गिक होत जाते, म्हणजे वस्तूंमधील खऱ्या संबंधांची छाया त्यात उमटते. ही खात्री सिद्ध करता येत नाही, पण टाकताही येत नाही, असे ते म्हणतात. फ्रेनेल यांच्या लहरसिद्धांतानुसार वाटोळ्या अपारदर्शक चकतीच्या सावलीच्या केंद्रस्थानी प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे, असे प्वासाँ यांनी गणिताने काढले होते. कणसिद्धांताच्या या पुरस्कर्त्याला ते अशक्यच वाटत होते, परंतु अरागो यांनी प्रयोग केला आणि ठिपका तेथे होता. कोणाच्याही ध्यानीमनी नसलेली गोष्ट सिद्धांताने आधी सांगावी आणि सृष्टीने तिला होकार द्यावा, हे नैसर्गिक वर्गीकरणाचे सर्वांत विश्वासार्ह चिन्ह होय.

अणूंच्या बाबतीत मात्र द्युएम यांनी ही कसोटी लावली नाही. १९०८ पासून पेराँ यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या सततच्या अनियमित हालचालींचे, म्हणजे ब्राउनीय गतीचे, काटेकोर मापन केले आणि परस्परांशी संबंध नसलेल्या मार्गांनी ॲव्होगाड्रो संख्येची, म्हणजे एक मोल पदार्थातील रेणूंच्या संख्येची, जवळजवळ एकच किंमत मिळत असल्याचे दाखविले. अणुवादाचे कडवे विरोधक ओस्टवाल्ड यांनी त्यानंतर आपले मत बदलले. द्युएम यांनी बदलले नाही, आणि १९१४ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्यांची भूमिका कायम राहिली. तर्काच्या दृष्टीने त्यांना कोणी भाग पाडू शकत नव्हते, कारण ब्राउनीय गतीच्या प्रयोगामागेही गृहीतकांचा समूह होताच. परंतु इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन जुळणारी संख्या ही प्वासाँ यांच्या ठिपक्याइतकीच भक्कम साक्ष होती आणि तिचे वजन ओळखण्याचे साधन त्यांच्याच ग्रंथात लिहिलेले होते.