माल कुणाचा, कुठला? उत्तर वहीत हवं

आज एका अडचणीबद्दल बोलणार आहे. आपल्याच गटावर आली होती, म्हणून सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या गटानं तीन वेळा मिरचीचं कांडप केलं. दर वेळी वीस किलो. दोनशे ग्रॅमची तीनशे पाकिटं दुकानांत गेली. पंधरा दिवसांनी एका दुकानदाराचा फोन आला, "ताई, तिखटाला कुबट वास येतोय. कोणत्या कांडपाचा माल आहे हा?" मला सांगता येईना. पाकिटावर तारीख एकच, नंबर नाही. शेवटी होती तेवढी सगळी पाकिटं परत आणावी लागली. फोडून पाहिली, तर बरीचशी चांगली निघाली. पण फोडलेलं पाकीट पुन्हा कोण घेणार?

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. त्याहून वाईट म्हणजे बैठकीत एकमेकींकडे संशयानं बघणं सुरू झालं. "तुझी मिरची ओली होती." "माझी नव्हती, तिची होती." गट मोडतो की काय, असं वाटलं. ओल्या मिरचीनं केलं नाही ते नोंद नसल्यानं केलं.

मालाचा माग लागणं म्हणतात ते हेच. आपल्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडानं 'ग्रेपनेट' ही संगणकी नोंद सुरू केली. बागेची नोंदणी होते, प्रत्येक प्लॉटला नंबर मिळतो, द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. परदेशात पेटी उघडली तरी माल कोणत्या प्लॉटचा, हे शोधता येतं. 2010 साली आपल्या द्राक्षांत एका संजीवकाचा अंश जास्त सापडला आणि निर्यातदार व बागाईतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली.

आता युरोपनं 2024 मध्ये नवा कायदा केला आहे. टप्प्याटप्प्यानं अनेक वस्तूंना 'डिजिटल पासपोर्ट' लागणार आहे. वस्तू कशापासून बनली, कशी बनली, ही माहिती फोनवर दिसावी, असा त्याचा हेतू. कपडे त्यात पहिल्या काही वस्तूंमध्ये आहेत. कपडा म्हटलं की कापूस आला, आणि कापूस म्हटलं की आपलं विदर्भ-मराठवाड्यातलं शेत आलं. विचारणा एक दिवस आपल्या बांधापर्यंत येऊ शकते.

घाबरू नका. गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? हिशोब लेखन. बचतीची वही आपण लिहितोच, तशीच मालाची लिहायची.

प्रत्येक कांडपाला एक नंबर द्या. वहीत एका ओळीत लिहा : तारीख, मिरची कुणाकडून आली, किती किलो, वाळवली किती दिवस, कांडप कुठं केलं, पाकिटं किती झाली, कोणत्या दुकानात गेली. तोच नंबर पाकिटावर छापा. तसाही अन्नपदार्थाच्या पाकिटावर बॅच नंबर आणि अन्नसुरक्षा विभागाचा 14 आकडी नंबर लागतोच. प्रत्येक कांडपाचं एक पाकीट बंद करून आपल्याजवळ ठेवा. तक्रार आली तर ताडून बघता येतं.

दुसरं, जे खरं तेच छापा. शेणखत घातलं म्हणून पाकिटावर 'सेंद्रिय' लिहून दुकानात ठेवू नका. त्याला प्रमाणपत्र लागतं. 'घरच्या शेतातली, उन्हात वाळवलेली' हे खरं असेल तर तेवढं लिहा. गिऱ्हाईक त्यावरही विश्वास ठेवतं.

क्यूआर कोड करून देतो म्हणणारे येतील. कोड जरूर घ्या, पण वही आधी. वहीत नसेल ते कोड कुठून दाखवणार?

आपल्या गटात आता ही वही आहे. परवा एका पाकिटाची तक्रार आली. नंबर बघितला, त्याच कांडपाची पाकिटं तेवढी परत आणली. चूक वाळवण्यातली निघाली. जिची मिरची होती ती काकू स्वतःच म्हणाली, "पाऊस आला म्हणून मी घाईनं गोळा केली." कुणी कुणाला बोललं नाही. पुढच्या वेळी चौघी मिळून ताडपत्री घेऊन गेलो.

वही चोर पकडायला नसते, मैत्रिणींनो. प्रामाणिक बाईवर आळ येऊ नये, म्हणून असते. येत्या बैठकीत तुमच्या वहीचं पहिलं पान उघडा.